पूर्वेकडे पाय करून झोपलेली माणसं

मर्टेला पिनॉक बाईंनी मरायच्या आधी तीन आठवडे ईनसमामाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "ब्रदर बेनेट, माझ्या थडग्यावरचं झाकण पातळ कर हं."

मामा गवंडी होता. एलिम गॅपमध्ये, म्हणजे आमच्या गावात, आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये मेलेल्या माणसांसाठी सिमेंटचं घर बांधायचं काम त्याचंच. माणसं त्याला आधीच बोलावून काय काय सांगायची, त्याला सवय होती. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किती पातळ, सिस्टर?"

"उचलता येईल एवढं."

"कुणाला?"

"मला, आणखी कुणाला! शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की मला वेळ घालवायचा नाहीये. मी झाकणाखाली धडपडत बसले आणि बाकीचे गेले निघून, म्हणजे?"

मामा म्हणाला, "जो सगळं आभाळ कागदासारखं गुंडाळणार आहे, त्याला माझं चार इंच सिमेंट जड जाईल होय?"

"त्याची मला काळजी नाही. मला भीती तुझ्या सिमेंटची आहे. तू जरा जास्तच मजबूत करतोस."

एवढी मोठी शाबासकी मामाला आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्याने अडीच इंचांचं झाकण केलं, बारीक सळया घालून. बाई त्याखाली गेल्या आणि कर्ण्याची वाट बघत पडून राहिल्या. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी डेलरीन. ईनस बेनेट माझ्या आईचा थोरला भाऊ. मी इथल्या पोस्टात एकतीस वर्षं काढली, तेव्हा गावातल्या जिवंत माणसांचे पत्ते मला पाठ आणि मेलेल्यांचे मामाला. आमचं गाव डोंगराच्या काखेत आहे. सकाळी धुकं उतरतं ते कधी कधी दुपारच्या जेवणापर्यंत हलत नाही. लाल माती, रताळ्यांचे वेल, संत्र्याची झाडं, सगळं त्या धुक्यात अर्धं अर्धं दिसतं. समोरून कुणी येत असलं तर आधी खोकला येतो, मग टोपी येते, मग माणूस. लहानपणी मला वाटायचं की जगाचा शेवट रोज पहाटे होतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत देव ते पुन्हा मांडून ठेवतो.

अशा ठिकाणी जगाच्या शेवटावर लोक बोलणार नाहीत तर कशावर बोलतील? माणसं जेमतेम सहाशे आणि चर्चं चार. चार चर्चांचे चार शेवट. या बाबतीत आमच्याकडे कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. दुकानाच्या ओट्यावर डॉमिनोच्या सोंगट्या आपटता आपटता बायबलातल्या दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांवरून गोष्ट हाणामारीपर्यंत आलेली मी या डोळ्यांनी बघितलीय.

शनिवारवाल्यांचे म्होरके म्हणजे ब्रदर क्रॉसडेल. सेव्हन्थ डेचे ॲडव्हेंटिस्ट, पोटापाण्याला घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात भिंतीवर मेणकापडाचा एक लांबलचक तक्ता टांगलेला असायचा. त्यावर सोन्याचं डोकं आणि मातीचे पाय असलेला पुतळा, पंखांचा सिंह, दहा शिंगांचं श्वापद, आणि प्रत्येकाखाली साल. भाकितातला एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष, असा त्यांचा हिशेब. साम्राज्यं आली, गेली, सगळी आधीच लिहिलेली होती, काटा पुढे सरकतोय आणि आपण पुतळ्याच्या पायाच्या बोटांपर्यंत येऊन ठेपलोय. मेलेला माणूस गाढ झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही, असंही ते सांगायचे. म्हणून त्यांच्या लोकांना थडगं कसंही चालायचं. झोपलेल्याला गादीचा रंग काय करायचाय?

मर्टेलाबाईंची मंडळी पेन्टेकॉस्टल. त्यांच्या मते यातलं काहीच अजून झालेलं नाही, सगळं पुढे आहे, आणि ते आता, या क्षणी, तुम्ही शेंगा सोलता सोलता सुरू होऊ शकतं. कर्णा वाजेल, विश्वासात मेलेले आधी उठतील, मग जिवंत विश्वासणारे जागच्या जागी वर उचलले जातील. दोघी दळत असतील, एक घेतली जाईल, एक राहील. जे राहतील त्यांना सात वर्षं महासंकट. त्यानंतर येशू उतरून हजार वर्षं इथेच, याच मातीवर राज्य करील.

बाप्टिस्टांचे टीचर लिनवल नाकाने कांदे सोलणारे. ते म्हणायचे, "अहो, पत्र ज्याच्या नावाने आलंय त्याने वाचायचं असतं. ते पुस्तक त्या काळच्या गांजलेल्या माणसांना लिहिलं होतं. श्वापद म्हणजे रोमचा कैसर. मंदिर पडलं, नगर जळलं, झालं की सगळं!" आणि मग आवाज खाली आणून सांगायचे की त्यांच्या पणजोबांना तर वेगळंच वाटायचं. ज्या पहाटे गुलामी संपली, त्या पहाटे पणजोबांनी इथल्या लोकांबरोबर बेड्या पेटीत घालून पुरल्या आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, हजार वर्षं सुरू झाली बघ, आता दरवर्षी जग थोडं थोडं बरं होत जाणार. टीचर ही गोष्ट सांगताना नेहमी खिडकीतून बाहेर बघायचे. जग पुढे काही फारसं बरं झालं नव्हतं.

आम्ही मोरावियन. आमचे पाद्री, पार्सन हेस्लप, म्हणायचे, हजार हा आकडा नाही, ती देवाची लांब सावली आहे, आपण तिच्यातच चालतोय. श्वापद एकदाच येऊन जात नाही, ते प्रत्येक पिढीत नवा कोट घालून येतं. आणि कोकरू, म्हणजे ख्रिस्त, प्रत्येक पिढीत जिंकतं. मला हे ऐकायला फार छान वाटायचं, आणि घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं निसटलेलं असायचं.

मामा चौघांचीही थडगी बांधायचा आणि चौघांचंही ऐकायचा. एकदा ओट्यावर त्याला सगळ्यांनी घेरलं, तू सांग, तुझं काय म्हणणं? मामा उसाचं कांडकं चावत होता. तो म्हणाला, "क्रॉसडेल म्हणतो घड्याळात पावणेबारा झालेत. माझी बायको म्हणते कुठल्याही क्षणी ठोके पडतील. टीचर म्हणतात ठोके पडून गेले. आणि आमचे पार्सन म्हणतात, ते घड्याळच नाही. मी कुठे घड्याळजी आहे? पण एक सांगतो. तुम्ही सगळेच्या सगळे मला सांगता, ईनस, पाय पूर्वेकडे कर. उठून बसलो की तोंड उगवतीकडे पाहिजे. त्या एका गोष्टीत कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही."

क्रॉसडेल म्हणाले, "ही पळवाट झाली."

"असेल. ओळंबा लावून काढलेली आहे," मामा म्हणाला.

त्याची बायको, माझी आयोनामामी, मर्टेलाबाईंच्या मंडळीतली. लग्न झालं तेव्हा ती आमच्यासारखीच मोरावियन होती. मग सेहेचाळीस साली खाली मैदानात प्रवचनांचा तंबू लागला, बाहेरून एक प्रचारक आला, आणि तिसऱ्या दिवशी मामी पांढरा झगा घालून नवा बाप्तिस्मा घ्यायला नदीत उतरली. मामा काठावर टोपी हातात धरून उभा होता. तो उतरला नाही. दोघांमध्ये त्यावरून मोठं भांडण झालं असं नाही. रविवारी दोघं एकत्र निघायची, वळणावरच्या आंब्याशी ती डावीकडे जायची, हा उजवीकडे. परतताना जो आधी येईल तो आंब्याखाली थांबायचा.

पण मामीच्या मनात एक काटा होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. तिला मरणाची भीती नव्हती, महासंकटाची नव्हती. कर्णा वाजेल, ती वर जाईल आणि ईनस खाली राहील, एवढीच भीती. पोळी भाजताना, कपडे वाळत घालताना, मध्येच हात थांबवून ती त्याच्याकडे बघायची. मामाला ते कळायचं. तो मुद्दाम म्हणायचा, "जातेस का? मग आधी भात उतरवून जा."

"थट्टा नको, मिस्टर बेनेट," ती म्हणायची. रागावली की मिस्टर. एरवी नुसता बेनेट.

आता त्या मंगळवारची गोष्ट. अडुसष्ट साल. मी नुकतीच पोस्टात लागले होते. सकाळी उतरलेलं धुकं दुपारचे तीन वाजले तरी उठलं नव्हतं. अशा दिवशी आवाजही कापसात गुंडाळल्यासारखे येतात. मी टपालाची पिशवी घेऊन वरच्या वस्तीला निघाले होते. वळणावर धुक्यातून एक माणूस धावत आला आणि माझ्या अंगावर आपटायचाच बाकी राहिला. मामा. टोपी नाही. मामाला मी टोपीशिवाय रस्त्यावर कधी बघितलं नव्हतं.

त्याने माझा दंड धरला आणि दाबून बघितला.

"डेल? तू आहेस?"

"आहे की. काय झालं?"

"मग तूही राहिलीस," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर माझ्याविषयी एवढी कीव दाटून आली की मला रागच आला.

झालं होतं असं. मामा कामावरून घरी आला तर चुलीवर वाटाण्याचं सूप उतू जात होतं. दाराशी मामीच्या सपाता, एकीशेजारी एक, बाहेर तोंड करून. टेबलावर पवित्र शास्त्र उघडं आणि त्यावर तिचा चष्मा. अंगणात मध्येच तिचा एप्रन पडलेला, जणू त्यातलं माणूस वरच्या वर काढून घेतलंय. मामाने हाका मारल्या. मग तो शेजारच्या सिस्टर बेरिलकडे गेला. तीही मामीच्याच मंडळीतली. दार सताड उघडं, घरात कुणी नाही, शेळी ओरडतेय. पलीकडे डीकन फोर्ब्जचं घर, तेही तसंच. सगळ्या कर्णेवाल्यांची घरं रिकामी.

मी त्याच्या जागी असते तर आणखी चार घरं बघितली असती. पण बावीस वर्षं रोज जेवणाबरोबर एखादी गोष्ट वाढली जात असेल तर ती पोटात कुठेतरी साठून राहतेच. मामा माझा दंड सोडून पुन्हा पळायला लागला. मी पिशवीसकट त्याच्या मागे. तो चर्चकडे वळेल असं मला वाटलं होतं. पण मामा शेवटी गवंडी. तो गेला त्यांच्या दफनभूमीत, थेट मर्टेलाबाईंच्या थडग्याशी.

मी पोचले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून झाकणाच्या कडेने बोटं फिरवत होता. धुक्यात दिसत नव्हतं म्हणून दरज न दरज हाताने चाचपत होता, उशाकडून सुरू करून, बाजूने, पायथ्याशी वळून, पुन्हा वर. विश्वासात मेलेले आधी उठतील, असं वचन आहे. मामी गेली असेल तर मर्टेलाबाई तिच्याआधी गेल्या असणार, आणि त्या गेल्या असतील तर अडीच इंचांचं झाकण जागेवर कसं राहील?

दरज शाबूत होती. केसाएवढी चीरही नाही. मामा झाकणाला पाठ टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी नुसती पिशवी धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने धुक्यातून खोकला आला. मग अनवाणी, ढोपरापर्यंत लाल चिखलाने माखलेली मामी आली. तिच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"सूप जळालं," ती म्हणाली. "घरात नाहीस, कामावर नाहीस. हे काय चाललंय इथे?"

मामा नाक पुसत म्हणाला, "दरज बघत होतो."

"कसली दरज? मर्टेलाच्या थडग्याची? या वेळी?"

 मामीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या बोडक्या डोक्याकडे, मग झाकणाकडे. हळूहळू तिला उलगडलं. बेरिलची गाय वरच्या रानातल्या खोल विवरात पडली होती, आणि कर्णेवाले एकमेकांच्या हाकेला एकजात धावतात, हे त्यांचं मी मान्य करते. सगळे दोर घेऊन तिकडे गेले होते. चिखलात घसरू नये म्हणून सपाता काढलेल्या, धुक्याने काच भरते म्हणून चष्मा ठेवलेला, एप्रन पळताना सुटलेला.

आता मामी हसेल असं मला वाटलं. पण तीही त्याच्या शेजारी बसली, झाकणाला पाठ टेकून.

"घाबरलास?"

"हट्."

"बेनेट."

"आधी घाबरलो," मामा म्हणाला. "मग येताना वाटेत वाटलं, चला, हिला हवं होतं ते मिळालं एकदाचं. बावीस वर्षं वाट बघत होती बिचारी. बरं वाटलं, आयोना. खरंच सांगतो. फक्त..."

"फक्त काय?"

"निदान हाताला हात लावून गेली असतीस."

 मामीने त्याचा सिमेंटने भेगाळलेला हात आपल्या चिखलाच्या हातात घेतला आणि दोघं तशीच बसून राहिली. मी पिशवी उचलून वरच्या वस्तीला गेले. त्या दिवशी पत्रं उशिरा वाटली गेली, आणि उशीर का झाला हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ओट्यावर मामा त्या विषयात कमी बोलायला लागला. क्रॉसडेलनी नवीन तक्ता आणला, टीचर लिनवलनी त्यातल्या सालांची चिरफाड केली, मामा आपला ऊस चावत बसायचा. कर्णेवाल्यांवरचे जुने विनोद त्याने पुन्हा केले नाहीत. पण तो नदीत मात्र उतरला नाही.

मामीला साखरेचा आजार लागला तो सत्तरीच्या सुमारास. आधी पायाचं एक बोट गेलं, मग दृष्टी गेली. शेवटच्या वर्षी ती खिडकीशी अंथरुणावर असायची आणि दुपारी मामा तिला प्रकटीकरण वाचून दाखवायचा. मी पोस्ट बंद करून तिकडे जायचे. बाहेर धुकं, आत मामाचा जाड आवाज, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. मामी डोळे मिटून ऐकायची. मध्येच विचारायची, "हे झालंय का व्हायचंय, बेनेट?" तो म्हणायचा, "टीचरना विचारतो." ती हसायची.

एके दुपारी तिने सरळच विचारलं, "माझ्याबरोबर येणार का नाही?"

मामाने पुस्तक मिटलं. "आयोना, उद्या नदीत उतरतो, तू म्हणत असशील तर. पण मी तुझ्यासाठी उतरेन, त्याच्यासाठी नाही. आणि ते त्याला कळेल."

"कळेल," मामी म्हणाली. तिने चाचपत त्याची बाही धरली. मग ती म्हणाली, "मग शेजारी तरी ये. हात पोचेल एवढ्या अंतरावर."

"तुमचे पास्टर सांगतात ना, हात धरून कुणाला नेता येत नाही म्हणून?"

"सांगतात. पण कुणी करून बघितलंय का?"

मामाने तिच्या हातावर हात ठेवला आणि "येईन" म्हणाला. हा शब्द त्याला किती महाग होता हे मला माहीत होतं. आमच्या मोरावियन दफनभूमीत थडगी बांधतच नाहीत. श्रीमंत असो, गरीब असो, जमिनीलगत एकसारखी सपाट फरशी. भाऊ म्हणजे पुरुष एका बाजूला, बहिणी म्हणजे बायका दुसऱ्या बाजूला. तिथे नवरा-बायकोही शेजारी नसतात. ईस्टरला, म्हणजे येशू मरणातून उठला त्या दिवशी, पहाटे आम्ही सगळे तिथे अंधारात उभे राहतो, आणि सूर्य वर आला की मेलेल्यांच्या मधोमध म्हणतो, तो उठला आहे, तो खरोखर उठला आहे. मामाचा बाप, आजा, पणजा, सगळे भावांच्या रांगांत आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची थडगी बांधणाऱ्या मामाला स्वतःला तिथली साधी फरशी हवी होती. माझ्या लहानपणापासून तो ते बोलून दाखवायचा.

मामी फेब्रुवारीत गेली. मामा पार्सन हेस्लपना भेटायला गेला तेव्हा मी बरोबर होते. पार्सन तेव्हा फार थकले होते. ते म्हणाले, "ईनस, तिकडे रांगेत तुझा बाप तुझी वाट बघत असेल रे."

मामा म्हणाला, "पार्सन, तुम्हीच सांगता हजार म्हणजे आकडा नाही. मग बापाने माझी थोडी जास्त वाट बघितली तर काय बिघडलं?"

पार्सन काठी टेकत आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले.

मामाने आपल्याच अंगणात, आंब्याकडच्या कोपऱ्यात, जोडथडगं बांधलं. दोन खोल्या आणि मध्ये भिंत. पाय पूर्वेकडे. चार दिवस भोवती ताडपत्री लावून एकट्याने काम केलं, कुणाला आत येऊ दिलं नाही. दुःखात आहे म्हणून आम्हीही गेलो नाही. पुरायच्या वेळी ब्रदर क्रॉसडेल होकायंत्र घेऊन आले आणि दिशा तपासून म्हणाले, "अर्धा अंश उत्तरेला सरकलंय." मामा म्हणाला, "तेवढी ती मान वळवेल." वर्षभराने रिवाजाप्रमाणे वरचं काम पुरं केलं. दोन्ही झाकणं त्याने अडीच इंचांची केली. मामीचं पक्कं बसवलं, स्वतःचं नुसतं टेकवून ठेवलं.

पुढची नऊ वर्षं तो सकाळचा कॉफीचा मग घेऊन आपल्या झाकणावर बसायचा. धुक्यात मला कुंपणापलीकडून आधी मगातली वाफ दिसायची. ईस्टरला तो आमच्याबरोबर पहाटे दफनभूमीत उभा राहायचा, बापाच्या फरशीशी. मग घाईघाईने घरी. एका वर्षी मी त्याच्यामागे ईस्टरला खातात ते बन-चीज घेऊन गेले तेव्हा ऐकलं. तो मामीच्या झाकणावर हात ठेवून म्हणत होता, "उठला बरं का, आयोना. आजही उठला."

मामा गेला तो एका दुपारी, खुर्चीतच. त्याच्या हाताखाली शिकलेला डडली झाकण काढायला आला. मी आत चहा ठेवत होते. अंगणातून त्याची हाक आली.

"मिस डेल! जरा इकडे या. म्हातारा चुकला एका ठिकाणी."

मी वाकून बघितलं. मधल्या भिंतीत एक ब्लॉक नव्हता. खालून दुसऱ्या थरात, झोपलेल्या माणसाचा हात जिथे येईल तिथे. पलीकडे मामीच्या पेटीची फळी दिसत होती.

"राहून गेला असेल," डडली म्हणाला. "त्या वेळी डोकं ठिकाणावर नसणार त्याचं. भरून टाकतो, पाच मिनिटांचं काम."

मी आत हात घातला. भोकाच्या चारही कडांना बारीक गिलावा केलेला होता, थापीने घोटून घोटून गुळगुळीत केलेला, कोपरेसुद्धा गोल केलेले. बाहेरच्या भिंतींनाही मामाने एवढा गिलावा केला नव्हता. पेटीची फळी मध्ये आहे हे मलाही कळत होतं. ते त्यालाही कळत असणार.

"नको भरू," मी म्हणाले. "तो चुकला नाही. हात खरचटू नये म्हणून केलंय ते."